काचेच्या टाकीला घरच्या घरी ओव्हरफ्लो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फोंड्यात पहिल्या मजल्यावर राहतो. हॉलमध्ये माशांची तीन फुटी टाकी आहे आणि तिच्या खालच्या कपाटात संप, म्हणजे पाणी गाळायची लहान टाकी. पेडण्यापासून काणकोणपर्यंतचे लोक मला जे प्रश्न पाठवत आले, ते इथे एका जागी लावले आहेत. हिशेबासाठी सगळीकडे माझीच टाकी धरली आहे: लांबी ३ फूट, रुंदी दीड, उंची दीड, काच ८ मिमी. खालचा संप २ फूट लांब, १ फूट रुंद, १ फूट उंच. एक आकडा आधीच लक्षात ठेवा: या टाकीत पाणी एक सेंटीमीटर वर-खाली झाले की जवळपास ४.२ लिटरचा फरक पडतो. तुमच्या टाकीचा आकडा काढायला लांबी आणि रुंदी सेंटीमीटरमध्ये गुणा आणि १,००० ने भागा.

घाईत असाल तर प्र. ४ आणि प्र. ७ तरी वाचा. लाईट गेली आणि पाइप चोंदला, या दोन प्रसंगांतून जो ओव्हरफ्लो सुखरूप सुटतो तोच खरा. बाकीचे सगळे नंतर सुधारता येते.

१. ओव्हरफ्लो म्हणजे नेमके काय? माझ्या टाकीला मागे टांगायचा फिल्टर आहे, तो पुरत नाही का?

दोन-अडीच फुटी टाकीला तो पुरतो आणि तो बदला असे मी सांगणार नाही. ओव्हरफ्लो म्हणजे टाकीच्या वरच्या काठाजवळ पाण्याला ठेवलेली वाट. देवळाच्या तळीला जसा सांडवा असतो, तसेच. ठरलेल्या उंचीच्या वर गेलेले पाणी आपल्याच वजनाने पाइपातून खाली संपात उतरते, तिथे गाळले जाते आणि पंप ते परत वर चढवतो.

मोठा फायदा पृष्ठभागाचा. आमचा हॉल स्वयंपाकघराला लागून आहे. रविवारी बांगडे तळले की संध्याकाळपर्यंत पाण्यावर तेलाचा पातळ, रंगीत तवंग दिसायचा. हा तवंग हवा आणि पाण्याच्या मध्ये बसतो आणि प्राणवायू विरघळायला अडथळा करतो. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये टाकीचे पाणी तिशीच्या वर जाते आणि गरम पाण्यात प्राणवायू आधीच कमी मावतो. ओव्हरफ्लो सर्वांत वरचे पाणी आधी ओढतो, त्यामुळे तवंग राहतच नाही.

२. ओव्हरफ्लोला वेगळा पंप लागतो का?

नाही. पाणी खाली उतरते ते वजनाने. पंप एकच, संपातला, पाणी वर चढवणारा. तो जितके वर टाकेल तितकेच खाली येईल. म्हणून ओव्हरफ्लोची क्षमता नेहमी पंपापेक्षा बरीच जास्त हवी, उलटे कधीच नको. पाण्याचा हिशेब जुळवायला दोन पंप, एक खाली ओढायला आणि एक वर चढवायला, असे कुणी सुचवले तर ऐकू नका. दोन पंप अगदी सारखे कधीच चालत नाहीत आणि तो फरक शेवटी फरशीवर येतो.

३. पंप केवढा घ्यायचा?

टाकीतले पाणी तासाला पाच ते आठ वेळा फिरले तरी गोड्या पाण्याला भरपूर झाले. माझ्या टाकीत वापरातले पाणी १७० लिटरच्या आसपास, म्हणजे तासाला साधारण ८५० ते १,४०० लिटर. खोक्यावरचा आकडा मात्र शून्य उंचीचा असतो. तिथेच ‘एच मॅक्स’ लिहिलेले असते, त्या उंचीला प्रवाह शून्य होतो. एच मॅक्स अडीच मीटर असेल आणि तुम्हाला सव्वा मीटर चढवायचे असेल, तर ढोबळमानाने निम्मेच पाणी मिळेल. माझा पंप २,५०० चा आहे. एका मिनिटात किती पाणी येते ते बादलीने मोजले तेव्हा हिशेब तासाला बाराशेच्या जवळ निघाला. तुम्हीही बादलीने मोजा, खोक्यावर जाऊ नका.

४. लाईट गेली तर अख्खी टाकी खाली रिकामी होईल का?

बरोबर बांधली असेल तर नाही, पण थोडे पाणी खाली येणारच. ते किती, हे आधी माहीत हवे.

पंप बंद पडताच दोन गोष्टी होतात. ओव्हरफ्लोच्या काठावरचे पाणी खाली वाहून जाते आणि पातळी काठाशी आली की थांबते. ही वाट सुरक्षित आहे. दुसरी वाट लोक विसरतात. पंपापासून वर पाणी आणणारा परतीचा पाइप उलटा सायफन होतो, म्हणजे टाकीतले पाणी आपोआप खाली ओढू लागतो. त्याचे तोंड टाकीत जितके खोल, तितके पाणी तो खाली ओढतो.

माझ्या टाकीचा हिशेब असा. पातळी साधारण २ सेंमी उतरते, म्हणजे ८.४ लिटर. ओव्हरफ्लोच्या डब्यातले (काठावरून सांडणारे पाणी झेलणारा टाकीतला कप्पा, प्र. १२) आणि पाइपांतले मिळून आणखी चार. एकूण बारा-साडेबारा लिटर. संपात पंप चालू असताना १६ सेंमी पाणी असते, वर १४ सेंमी मोकळे, म्हणजे सुमारे २५ लिटरची जागा. दुप्पट जागा आहे, म्हणून मी रात्री झोपतो.

जूनमधल्या वादळात लाईट एका रात्रीत पाच वेळा जाते, हे गोव्यात कुणाला वेगळे सांगायला नको. म्हणून मासे सोडण्याआधी पंपाचा प्लग स्वतः काढा, दहा मिनिटे थांबा आणि संप बघा. मग प्लग लावा आणि वरची पातळी पूर्ववत होईपर्यंत तिथेच उभे राहा. असे निदान पाच वेळा करा.

५. परतीच्या पाइपाला भोक पाडतात ते कशासाठी? माझ्या मित्राने पाडले नाही आणि त्याचे व्यवस्थित चालले आहे.

त्याच्या पाइपाचे तोंड पाण्याच्या पृष्ठभागाशीच असेल, म्हणून चालले असेल. तोंड खोल असेल तर पृष्ठभागाच्या दीड-दोन सेंमी खाली पाइपाला ३-४ मिमीचे भोक हवे. पातळी तिथवर उतरली की भोकातून हवा शिरते आणि सायफन तुटतो.

हे भोक चोंदते. माझ्या परतीच्या पाइपाचा एल्बो (काटकोनी जोड) पाण्यात ९ सेंमी खोल होता. भोक एकच होते आणि दोन महिने मी ते बघितले नव्हते. त्यात शेवाळ बसले, त्यावर एक बारीक गोगलगाय. जूनची रात्र, लाईट गेली. ९ सेंमी म्हणजे ३८ लिटर, वर डबा-पाइपांतले तीन-चार. संपातली जागा २५ ची. सोळा-सतरा लिटर पाणी फरशीवर आणि सकाळी खालच्या शेजाऱ्यांच्या छताला ताटाएवढी ओल. त्यांनी चांगुलपणाने घेतले, पण रंगकाम मी करून दिले. त्या दिवसापासून तोंड पृष्ठभागाखाली दोन सेंमीवर आणले, भोके दोन केली आणि दर महिन्याच्या एक तारखेला दोन्हींतून टूथपिक फिरवतो.

६. भोकाऐवजी एनआरव्ही बसवला तर?

एनआरव्ही म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी झडप. बसवा, पण भोकाऐवजी नको, भोकासोबत. एनआरव्हीच्या झडपेत एक शंखाचा तुकडा किंवा वाळूचा कण अडकला की ती पूर्ण मिटत नाही. शिवाय त्याने प्रवाहही थोडा कमी होतो. मी काढून टाकला.

७. खाली जाणारा पाइप चोंदला तर? पंप तर चालूच राहणार.

हाच दुसरा प्रसंग, आणि हा लाईट असताना येतो. व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचे सुटलेले पान, मेलेला मासा, तरंगत्या वनस्पतींचा पुंजका, काहीही तोंडाशी बसू शकते. पंपाला ते कळत नाही. तो संपातले पाणी वर ढकलत राहतो.

उपाय दोन आणि दोन्ही हवेत. पहिला, खाली जाणारा आणखी एक, आपत्कालीन पाइप (प्र. ११). दुसरा याहून भरवशाचा, कारण त्यात हलणारे काहीच नाही: संपाचा पंपाचा कप्पा लहान ठेवा. माझा कप्पा २० सेंमी लांब, ३० रुंद, त्यात पाणी १५ सेंमी. म्हणजे ९ लिटर. दोन्ही पाइप बंद झाले तरी पंप फार तर हे ९ लिटर वर टाकेल. बाकीच्या कप्प्यांतले पाणी मधल्या आडव्या काचांमागे अडून राहते. ९ लिटरने वरची पातळी सव्वादोन सेंमीही वाढत नाही आणि मी वर ४ सेंमी मोकळे ठेवले आहे. पंप कोरडा पडून आवाज करेल, पण घर कोरडे राहील.

ही परीक्षा कागदावर घेऊ नका. दोन्ही पाइपांच्या तोंडाला फडक्याचा बोळा घाला, पंप चालू करा आणि तो हवा ओढू लागेपर्यंत वरच्या काठाकडे बघत राहा. पाणी काठाला लागायच्या बेतात आले तर संपातले पाणी कमी करा किंवा ओव्हरफ्लोचा काठ खाली आणा.

८. काचेला भोक पाडायचे की न पाडता टांगायचा ओव्हरफ्लो करायचा?

टाकी रिकामी असेल किंवा नवी घ्यायची असेल, तर भोक पाडूनच. भोकातून पाणी सरळ उतरते, त्याला सायफन टिकवावा लागत नाही. टांगायचा प्रकार काठावरून पाणी वर उचलून बाहेर नेतो. त्यात हवा शिरली की तो थांबतो, आणि पंप मात्र चालूच. मासे असलेली, भरलेली टाकी असेल तरच त्या वाटेने जा (प्र. १७ आणि १८).

९. माझी काच टफन आहे का हे कसे ओळखू?

हे आधी बघाच. टफन, म्हणजे तापवून कठीण केलेल्या काचेला ड्रिल लागले की ती चिरत नाही, क्षणात बारीक तुकड्यांचा ढीग होतो. टफन करायच्या आधीच भोक पाडावे लागते, नंतर कुणीही पाडू शकत नाही.

आपल्याकडचे काचवाले ज्या टाक्या बांधून देतात त्या बहुतेक साध्या फ्लोट काचेच्या असतात. कारखान्यात बनलेल्या टाकीची बूड मात्र अनेकदा टफन असते. कोपऱ्यात कोरलेला शिक्का आहे का बघा. नसेल तर लॅपटॉपवर पांढरा पडदा उघडून काचेमागे धरा आणि पुढून पोलराइज्ड गॉगल लावून, डोके थोडे तिरके करत बघा. काळपट ठिपके किंवा पट्टे दिसले तर ती टफन. प्रत्येक काच वेगळी तपासा.

१०. भोक मी स्वतः पाडू शकतो का?

पाडू शकता. पण टाकी नवी बांधून घेत असाल तर काचवाल्यालाच मागच्या काचेला जोडणीआधी भोके पाडून द्यायला सांगा. आडव्या ठेवलेल्या सुट्या काचेत काम सोपे होते आणि काच फुटली तर एकच काच जाते.

स्वतः करणार असाल तर आधी टँक निपल (भोकात बसवून पाइप जोडायचा आट्यांचा तुकडा) विकत आणा. मग त्याच्या आट्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि त्याहून एक-दोन मिमी मोठा डायमंड होल सॉ (गोल भोक कापायचे पाते) घ्या. एक इंची निपल म्हणजे एक इंची भोक नव्हे. निपल कंपनीगणिक वेगळे असतात, म्हणून दुसऱ्याचा आकडा वापरू नका.

टाकी पाठीवर, जाड चादरीवर आडवी करा. भोकाची जागा अशी निवडा की भोकाच्या कडेपासून काचेच्या कडेपर्यंत निदान एका भोकाएवढे अंतर राहील. दोन भोकांमध्येही तेवढेच. आतल्या बाजूने जाड टेप लावा, म्हणजे शेवटी कपची उडत नाही. भोकाभोवती मुलांच्या प्लॅस्टिसिनचा कडा करून त्यात पाणी भरा. ड्रिल बॅटरीवर चालणारे घ्या, कारण पाण्याजवळ वायरीचे मशीन नको. हॅमर बंद, वेग कमी. होल सॉ आधी तिरका टेकवून चंद्रकोरीसारखी खाच करा, मग हळूहळू सरळ करा.

दाब द्यायचा नाही, मशीनचे वजनच पुरे. पाणी दुधासारखे पांढरे होत जाईल, ते बदला. ८ मिमी काचेला मला सात-आठ मिनिटे लागली. शेवटच्या मिलिमीटरला आवाज पातळ होतो. तिथे हात आणखी हलका करा, बहुतेक काचा तिथेच जातात. डोळ्यांना चष्मा लावा आणि ती पांढरी पूड सुकू देऊ नका.

११. किती इंची पाइप आणि किती भोके?

हवेसह गडगडत उतरणारे पाणी एक इंची पाइपातून तासाला ढोबळ २,००० लिटर जाते. पूर्ण भरलेल्या सायफनने त्याहून बरेच जास्त जाते. माझ्या बाराशेला एक भोक हिशेबाने पुरते, तरी मी दोन सांगतो.

डब्याच्या आत, पहिल्या भोकाचा एल्बो खाली तोंड करून. हा मुख्य पाइप, खाली संपाजवळ याला व्हॉल्व्ह. दुसऱ्याचा एल्बो वर तोंड करून, त्यात छोटा पाइपाचा तुकडा, तोंड मुख्य पाइपाच्या तोंडापेक्षा दोन-अडीच सेंमी उंच. हा आपत्कालीन. याला व्हॉल्व्ह कधीही लावायचा नाही, जाळीसुद्धा नाही. आणि एकट्याने सगळा प्रवाह उतरवता येईल इतका तो मोठा हवाच.

डब्याच्या आतले एल्बो सॉल्व्हेंट सिमेंटने चिकटवू नका, नुसते घट्ट बसवा. साफ करायला काढता येतात. बाहेरचे जोड मात्र चिकटवा. चोवीस तास सुकू द्या आणि मासे सोडण्याआधी साधे पाणी फिरवून फेकून द्या. निपलचा रबरी वॉशर टाकीच्या आतल्या, पाण्याच्या बाजूला येतो. नट हाताने आवळून वर फक्त पाव फेरा. पान्याने जोर केला तर काच जाईल.

१२. आतला डबा काचेचा करू की ॲक्रिलिकचा?

काचेचा. सिलिकॉन काचेला जसा धरतो तसा ॲक्रिलिकला धरत नाही, काही महिन्यांनी सुटतो. माझा डबा ५ मिमी काचेचा आहे: २५ सेंमी लांब, १० रुंद, १५ खोल, मागच्या काचेला वरच्या भागात चिकटवलेला. तळापर्यंत जाणारा डबाही करतात, पण तो टाकीतली जागा खातो आणि लाईट गेल्यावर त्यातले जास्त पाणी खाली येते.

काठाच्या लांबीचा ठोकताळा असा: मोकळ्या काठाच्या दर सेंटीमीटरला तासाला सुमारे १०० लिटर. समोरचे २५ आणि दोन्ही बाजूंचे दहा-दहा मिळून ४५ सेंमी. मासे अडवायला काठावर ठेवलेल्या दातांमुळे निम्मे अडले तरी तासाला बावीसशेच्या वर वाट राहते. काठ जितका लांब तितका पाण्याचा थर पातळ, आणि पातळ थरच तवंग नीट ओढतो.

चिकटवण्याआधी पाणसळ लावून टाकी समतोल करा. आमच्या जुन्या घराची फरशी दाराकडे उतरती होती. तिथे डब्याच्या एका टोकाने पाणी धो धो आणि दुसरे टोक कोरडे, असे झाले होते.

१३. सिलिकॉन कुठला आणणार? पावसाळ्यात तो सुकतो का?

व्हिनेगरसारखा वास येणारा, शंभर टक्के सिलिकॉन, आणि बुरशीविरोधी औषध न घातलेला. बाथरूमसाठीच्या नळीवर तसे औषध घातल्याचे लिहिलेले असते. ते माशांना घातक आहे.

पावसाळ्याची धास्ती नको. हा सिलिकॉन हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो. काच मात्र पूर्ण कोरडी हवी, आणि जुलैत कोरडी दिसणारी काचही दमट असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पाच मिनिटे थांबा, मग लावा. त्यानंतर मी आठवडाभर पाणी घालत नाही.

१४. डब्यातून मासे खाली जातात. दात किती बारीक ठेवायचे?

फट ५-६ मिमी. मी काठ सरळच ठेवतो आणि त्यावर प्लास्टिकच्या जाळीची पट्टी खोचतो, ती काढून धुता येते. गप्पीची पिल्ले तरीही जातील. पिल्ले हवी असतील तर जाळीला बाहेरून जाड भोकांचा स्पंज लावा आणि दर तीन-चार दिवसांनी धुवा. स्पंज चोंदला की पातळी वर चढते, तेव्हा प्र. ७ ची परीक्षा स्पंजासह परत घ्या.

१५. टॉयलेट फ्लश केल्यासारखा आवाज येतो. घरचे कंटाळले आहेत.

पाइपात हवा आणि पाणी एकत्र उतरते त्याचा तो आवाज. मुख्य पाइपाचा व्हॉल्व्ह थोडा थोडा मिटत जा. डब्यातली पातळी वाढेल, पाइपाचे तोंड पूर्ण बुडेल आणि आवाज थांबेल. आपत्कालीन पाइपातून करंगळीहून बारीक धार उतरत राहील इथवर आणून सोडा. ही धार राहू द्या. प्रवाहातला रोजचा लहानसहान फरक तीच पोटात घेते. गेट व्हॉल्व्ह मिळाला तर जुळवणी सोपी जाते. बॉल व्हॉल्व्ह केसभर हलला तरी फरक पडतो, पण सवयीने जमते.

एकच भोक असेल तर उभ्या पाइपावर टी (तीन तोंडांचा जोड) बसवा. टीच्या आडव्या तोंडाला खाली वळणारा एल्बो लावा, वर टोपी घाला आणि टोपीला बारीक भोक करा. याला डर्सो म्हणतात. भोक दोन मिमीपासून सुरू करून थोडे थोडे वाढवा. एका भोकावर व्हॉल्व्ह लावून आवाज बंद करायला मात्र जाऊ नका. तिथे चोंदण्याला पर्यायच उरत नाही.

१६. लाईट आल्यावर एक-दोन मिनिटे फार आवाज होतो आणि मग शांत. बिघाड आहे का?

नाही. मुख्य पाइपात हवा भरलेली असते. ती बाहेर ढकलली जाईपर्यंत आपत्कालीन पाइप काम करतो, त्याचा तो आवाज. पाच मिनिटांनीही थांबत नसेल तर संपातले मुख्य पाइपाचे तोंड बघा. ते पाण्यात २-३ सेंमीच बुडालेले हवे. वीतभर खोल असेल तर हवेला बाहेर पडता येत नाही.

१७. टाकी भरलेली आहे, मासे आहेत. भोक न पाडता पीव्हीसीचा ओव्हरफ्लो कसा करू?

उलट्या ‘यू’ची कल्पना करा, काठावर टांगलेला. त्याचा आतला पाय पाण्यात खाली जातो, तळाशी दोन एल्बोंनी वळतो आणि परत वर येतो. पृष्ठभागाशी त्याचे उघडे, खाचा पाडलेले तोंड. बाहेरचा पायही तसाच: खाली, वळण, परत वर, आणि वर एक टी. टीचे वरचे तोंड हवेला उघडे, आडव्या तोंडातून पाणी संपाकडे.

युक्ती त्या दोन वळणांत आहे. लाईट गेली की पाणी टीच्या आडव्या तोंडाच्या पातळीशी येऊन थांबते. दोन्ही वळणांत पाणी भरलेलेच राहते, म्हणून काठावरच्या पाइपात हवा शिरत नाही. लाईट आली, पातळी चढली की प्रवाह आपोआप सुरू. टीची उंची हीच तुमच्या टाकीची पातळी, म्हणून तो जोड आधी न चिकटवता बसवून बघा.

सुरुवातीला हवा काढण्यासाठी काठावरच्या सर्वांत उंच जागी बारीक नळी बसवा. तिच्यातून हवा ओढून घेतली की पाइप भरतो. नळीचे दुसरे टोक लहान पॉवरहेडच्या (पाण्यात बुडवून ठेवायचा पंप) हवा ओढणाऱ्या तोंडाला कायमचे जोडून ठेवले तर पुढे साठणारे बुडबुडेही निघत राहतात. तो पॉवरहेड टाकीत असू द्या आणि मधे हवेची एनआरव्ही घाला. प्र. ७ चा लहान कप्पा इथे सक्तीचा समजा.

१८. बाजारातला ‘यू’ नळीचा टांगता डबा घेतला आहे. नळी मोठी घातली तर जास्त सुरक्षित ना?

उलट. नळी मोठी केली की तिच्यातला वेग कमी होतो, आणि संथ पाण्यात बुडबुडे वरच्या वळणात साठत जातात. आठवड्या-दोन आठवड्यांत अर्धी नळी हवेने भरते आणि एक दिवस सायफन तुटतो. नळी पंपाच्या प्रवाहाला साजेशीच ठेवा. जास्त क्षमता हवी तर तशीच दुसरी नळी वेगळी लावून प्रत्येकीत बुडबुडे अडकतात का ते रोज बघा. पारदर्शक असते, एक नजर पुरते.

१९. चवथीला पाच दिवस मूळ घरी जातो. ओव्हरफ्लो चालू ठेवू की बंद करून जाऊ?

चालू ठेवा. ओव्हरफ्लो असला की वरची पातळी हलत नाही, आटलेले सगळे पाणी पंपाच्या कप्प्यातून कमी होते. मे महिन्यात पंखा चालू असताना माझ्या टाकीतून रोज दीड-दोन लिटर आटते, भाद्रपदात त्याहून बरेच कमी. तुमच्या घरचा आकडा जाण्याआधीच्या आठवड्यात काढा: कप्प्यावर टेपने खूण करा, रोज किती घालावे लागते ते लिहा. पाच दिवसांचे पाणी कप्प्यात मावत नसेल तर शेजाऱ्याला एक दिवसाआड येऊन खुणेपर्यंत पाणी घालायला सांगा. खुणेच्या वर मुळीच नाही, हे त्याला दोनदा सांगा. जास्त भरलेल्या संपात लाईट गेल्यावर उतरणाऱ्या पाण्याला जागा राहत नाही.

२०. वीज आणि पाणी इतके जवळ. शॉकचे काय?

टाकीच्या लाइनीला ३० मिलिअँपिअरची ईएलसीबी (गळता करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) हवी आणि घराचे अर्थिंग तपासलेले हवे. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ घेऊन मग वर जाऊ द्या. वायरीवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी टपकते, सॉकेटपर्यंत जात नाही. एक्स्टेन्शन बोर्ड कपाटाच्या तळाला ठेवू नका. पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा.

२१. पितळी व्हॉल्व्ह घरात पडून आहे, चालेल का?

नको. पितळेत तांबे असते, ते पाण्यात उतरते आणि कोळंबी-गोगलगाईंना मारते. आपल्या चिऱ्याच्या जमिनीतल्या विहिरींचे पाणी मऊ आणि आंबटसर असते, त्यात तांबे आणखी सहज उतरते. प्लास्टिकचा घ्या.

२२. समुद्री टाकीला हेच चालेल का?

रचना हीच, प्रवाह जास्त. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे सुकून जिथे तिथे मीठ धरते, म्हणून धातूची एकही पट्टी किंवा क्लिप ठेवू नका. परतीच्या पाइपाची सायफन तोडणारी भोकेही (प्र. ५) मिठाने बुजतात, ती महिन्याऐवजी आठवड्याला बघा. समुद्राचे पाणी जून ते सप्टेंबर आणू नका. मांडवी-जुवारीच्या पुराने किनाऱ्याजवळची क्षारता उतरलेली असते आणि पाणी गढूळ असते. प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ चे संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे किंवा विकत घेणे हा गुन्हा आहे. ग्रँड आयलंडला बुडी मारायला जाल तेव्हा बघा आणि तिथेच राहू द्या.

२३. सगळे झाले, गळती नाही. मासे कधी सोडू?

तीन दिवस नुसते पाणी फिरवा. प्रत्येक जोडाखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवा, थेंबभर ओलही कागदावर दिसते. त्यातल्या एका रात्री, बाहेर पाऊस असो नसो, घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी तुम्हाला न सांगता प्लग काढायला सांगा.